तिथीची पाऊणपट

लिफ्टमध्ये मावत नाही माझी काठी.
बारा फूट. तीन तुकडे केले तरी
दाराच्या चौकटीशी एकदा भांडतेच.
शेजारचे गोगटे विचारतात, "पडदे बसवताय का?"
मी हो म्हणते. पडदेच.

सकाळी सहाला नदीपात्रात कोणी नसतं,
गाडी शिकणाऱ्या कुणाची तरी पांढरी मारुती सोडून,
आणि एक तांबडं कुत्रं, ज्याला माझं वेळापत्रक पाठ आहे.
गळ लावत नाही. नुसतं सव्वाशे ग्रॅमचं शिसं.
काठी मागे नेते, कंबर वळवते, सोडते.
शिसं भिडे पुलाच्या दिशेने निघतं,
दोर त्याच्यामागे शिट्टी वाजवत,
मग बऱ्याच वेळाने, गवतात, थप्.
कुत्रं धावत जातं, हुंगतं, नाराज होऊन परत येतं.
मी पावलं मोजते. एकाहत्तर.
काल चौऱ्याहत्तर होती.

धाकू वरसोलकर म्हणतो, ताकद लावू नको, बाई.
दर्याशी ताकद लावणारे ओले होऊन घरी जातात.
रेवदंड्याला गुडघाभर पाण्यात उभं करून
त्याने मला लाट वाचायला शिकवली:
फुटते तिथे फेस असतो, मासा नसतो.
फेसाच्या अलीकडे एक पट्टा बघ, काळसर, गप्प,
तिथे खालची वाळू खचलेली. तिथे जिताडा फिरतो,
दुकान उघडायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा.
दोन वर्षांत मला एकच लागला, पावणेदोन किलो.
तोही मीच ओढला, हे धाकूला मान्य नाही.

आणि त्याचा हिशोब: तिथीची पाऊणपट.
चतुर्थीला भरती तीनला, अष्टमीला सहाला.
वडिलांनी कान धरून पाठ करून घेतलेली पाऊणकी
अशी पन्नाशीत कामाला आली.
बँकेत थकीत कर्जांची बैठक चालते,
साहेब तक्ता दाखवतात, घड्याळात तीन,
मी मान डोलावते,
आणि घाटाखाली पाणी
सुरूच्या मुळांना टेकलेलं असतं.

श्रावणातली दशमी होती. साडेसात.
फेक चांगली गेली, ऐंशीच्या पुढे नक्की,
मोजायला निघाले तोच पुलावरून भोंगा:
धरणातून पाणी सोडलंय, पात्रात थांबू नका, गाड्या काढा.
मारुती तिसऱ्या प्रयत्नात सुरू झाली.
कुत्रं कधीच वर.
मी रीळ फिरवायला घेतली, शिसं कशाततरी अडकलं,
आणि पाणी आलं.
लाट नव्हे. सांडलेल्या चहासारखं पसरत,
निर्माल्य, थर्माकोल, एक चप्पल उचलत,
मग एकदम भरीव.

काठी वाकली.

गळच नाही तर लागणार काय,
हे मला कळत होतं. हाताला कोण सांगणार?
हाताने टोक वर धरलं, रीळ सैल सोडली,
ती किर्रर्र करत धावली.
पळू दे, धाकू म्हणतो, दमू दे, मग बोल त्याच्याशी.
घाटावरून हवालदार ओरडला, "मॅडम, आधी वर या!"
मी एक पायरी चढले. दोर दिला. आणखी एक.
तो दमत नव्हता.
पोटऱ्या भिजल्या तेव्हा पर्समधलं नेलकटर काढलं.

आता ते शिसं गाळात बसेल, नाहीतर
पुढच्या पुरात सरकेल, उजनीपर्यंत, भीमेतून कृष्णेत.
आमच्या गावचं पाणी माझ्या समुद्राकडे पाठ करूनच निघतं,
इतक्या जवळून,
आणि पोचतं उगवतीच्या दुसऱ्याच समुद्राला,
जिथली पाऊणकी मला येत नाही.

हवालदार काठीकडे बघत होता.
छातीवरच्या पट्टीवर नाव, काळदाते.
"केवढा होता?" त्याने हळूच विचारलं.
मी दोन्ही हात पसरले.
"बापरे," तो म्हणाला,
आणि पुलावरची वाहनं वळवायला गेला.