नाक

उजळंबे साहेबांचं नाक मागच्या तापात गेलं.
आता कढीतला लसूणही त्यांना कळत नाही,
म्हणून निरोप आला, उदगीरच्या किल्ल्यामागच्या घरातून:
"गौस, तू पीत नाहीस, ठाऊक आहे.
तू फक्त वास घे आणि सांग."

बत्तीस वर्षं हेच तर केलं मी त्यांच्यासाठी.
दारूबंदीची जीप, मागच्या फळीवर मी,
बाभळीत शिरलो की म्हणायचो:
डावीकडे घ्या साहेब, काळा गूळ, नवसागर,
परवाच घातलेलं रसायन, अजून बुडबुडतंय.
आणि साहेब उतरून पिंपाला लाथ घालायचे.

टेबलावर चार बाटल्या, चार स्टीलच्या वाट्या
आणि वैजयंताचं पत्र. अक्षर अजून शाळेतलंच, गोल.
अकरा वर्षांनी पोरीनं पोर्तुगालातून बापाला पाठवलं काय,
तर वाइन.
बाईसाहेब स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत,
पण भांड्यांचा आवाज थांबला होता.

मी वाचू लागलो:
"बाबा, द्राक्षाचा रस आंबत असतो,
निम्मी साखर सरते तोवर वरून कडक दारू ओततात.
आंबणं तिथंच थांबतं. उरलेली साखर तशीच राहते.
म्हणून पोर्ट गोड."
साहेब म्हणाले, "आंबणं तर आपणही थांबवलं, गौस."
"हो साहेब. गटारीत."
ते हसले. मग उगाच टेबल पुसत बसले.

पहिली, रुबी.
मोठ्या टाकीत, हवा लागू न देता ठेवलेली. वयानं लहान.
जांभळं, साहेब.
पोराच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलेली,
आईनं अजून न पाहिलेली.

दुसरी म्हणे पांढरी, दिसायला मधासारखी.
तिच्यात मला फार काही सापडलं नाही.
संत्र्याची साल, तीही जराशी.
"पंचनाम्यात नसलेलं घालू नकोस," साहेब म्हणाले.
नाही घातलं.

तिसरी टॉनी. लहान लाकडी पिंपात वीस वर्षं.
लाकडातून हवा झिरपते, लाली उडते,
रंग जुन्या विटेवर येतो.
इथं मात्र मी डोळे मिटले.
शिरखुर्म्यासाठी तुपात परतलेली खारीक, अक्रोड,
मडक्याच्या तळाला चिकटलेला गूळ,
आणि तुमची ती सागवानी पेटी, साहेब,
सात बदल्या हिंडलेली.
"म्हणजे हवा लागली तरी बिघडली नाही?"
"हवा लागली म्हणूनच अशी झाली, असं लिहिलंय तिनं."
साहेबांनी वाटी नाकाशी नेली.
काही न मिळून खाली ठेवली.

चौथी जरा मोठी, व्हिंटेज. लेबलावर साल.
ते मी मोठ्यानं वाचलं नाही.
साहेबांनी चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला.
"एकाच चांगल्या वर्षाची द्राक्षं.
दोन वर्षं लाकडात, मग काचेत बंद, कितीही वर्षं.
तळाला गाळ बसतो, तो दोष नाही.
हलवू नका. गाळून घ्या.
उघडली की मात्र दोन दिवसांत संपवा."

तेव्हा बाईसाहेब आल्या,
हातात चक्का बांधायचं फडकं.
पातेल्यावर ताणून धरलं त्यांनी,
मी धार सोडली, बारीक, हात न थरथरवता.
फडक्यावर गाळ उतरला, मेंदीच्या खळीसारखा.

"बोल, गौस."
मी वाकलो. बराच वेळ वाकूनच राहिलो.
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला दिशा सांगता आली नाही.
बाईसाहेबांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"गोड आहे हो अजून," एवढंच म्हणाल्या,
आणि फडकं धुवायला न टाकता घडी घालून आत नेलं.

साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.
"तिकडे आत्ता किती वाजले असतील?"
मला माहीत नव्हतं.

घरी येऊन मी हात दोनदा धुतले.
नाक तसंच राहू दिलं.