पाण्यात गेला की बाद

हनुआबाडात आमची घरं खांबांवर उभी,
खांब समुद्रात.
घराघरांमधून फळ्यांची वाट जाते,
तिची रुंदी इतकीच, की समोरून कुणी आलं
तर एकाने खांदा तिरका करावा.
तिसरी फळी हालते. ती आमची क्रीज.
केवाऊ तिथे खेळायला शिकला.

नियम एकच : पाण्यात गेला की बाद.
आणि चेंडू आणायचा कोनिओने,
म्हणजे मी. धाकटी, आणि श्वास लांब.
तो चेंडू मारायचा, बुडी मी मारायची.
भरतीला सगळं गढूळ,
ओहोटीला चिखलात डबे, जाळ्यांचे तुकडे,
एकदा तर कुणाची तरी कवळी.
वर आल्यावर आधी त्याला शिवी देई,
मग चेंडू.

म्हणून उंच मारणं त्याच्या हातांना ठाऊकच नव्हतं.
फळीला घासून, कुत्र्याच्या पोटाखालून,
मासे साफ करत बसलेल्या बोईओ मावशीच्या
दोन पायांमधून,
जमिनीलगत. जमीन नसताना.

एकोणिसाव्या वर्षी देशाची टोपी मिळाली.
पहिला सामना विंडहोकला.
आईने नकाशावर बोट ठेवलं, ते वाळवंटावर पडलं.
"तिथे पाणी नाही ना? मग कसा बाद होईल?"
झाला. सहा धावांवर, स्लिपमध्ये.
पुढच्या सामन्यात भोपळा.
त्या दिवशी कोकीच्या बाजारात आईने
अकरा भोपळे विकले
आणि बारावा घरी आणला नाही.

सुपारीबरोबर खातो त्या चुन्याने
मी घराच्या खांबावर आकडे लिहू लागले :
सहा, शून्य, तेरा, एकतीस, शून्य, नऊ.
सुरुवात खालून केली होती,
त्यामुळे पहिले आकडे भरतीने नेले.
मी मुद्दाम तसं केलं असं तो म्हणतो.
असेल.

अ‍ॅबर्डीनच्या थंडीत त्याने चौसष्ट केल्या.
इकडे रात्र, एका फोनभोवती चौदा जण,
बॅटरी आठ टक्के.
सत्तावन्नवर अंधार झाला.
उरलेल्या सात धावा आम्हाला सकाळी मिळाल्या,
शिळ्या, पण खाल्ल्या.

मग नवा प्रशिक्षक आला. म्हणाला,
तुझ्या वयाची मुलं चेंडू ढगात धाडतात,
तू अजून लादी पुसतोस.
वगळला. पाच महिने
केवाऊ गोदीवर सिमेंटची पोती मोजत होता.
एका संध्याकाळी अंगावरची धूळ न झटकता
तिसऱ्या फळीवर येऊन उभा राहिला.
म्हणाला, टाक.
मी टाकला.
बॅट पाठीमागे गेली, खांद्यापर्यंत आली,
तिथेच थांबली.
त्याने पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मला सातवा महिना लागला होता.
चेंडू त्याने पायाशी दाबला.
दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.
बोईओ मावशी म्हणाली, भात करपतोय कुणाचा तरी.

आता परत घेतलंय त्याला.
परवा दुबईत, नऊ चेंडूंत चौदा हव्या असताना
एका डावखुऱ्याने आखूड टाकला
आणि तो गेला
वर.
फोनच्या चौकटीतून बाहेर.
समालोचकही क्षणभर गप्प.
पोरं ओरडली, फळ्या हादरल्या,
आणि मी काय केलं सांगते, हसू नका :
मांडीवरची मुलगी मावशीकडे दिली,
कडेला गेले
आणि लांब श्वास घेतला.

पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला,
सामनाही गेला, म्हणतात.
मला उशिरा कळलं.
मी पाण्याकडे बघत होते.