नांगी

माती-पाणी तपासणीत माझं टेबल खिडकीशी.
बाटल्यांवर गावांची नावं: वाटूर, सामनगाव, रोहिलागड,
एकीवर नुसतंच ‘हापसा, मारुतीसमोर’.
पन्नास मिली पाणी, बफरचा उग्र वास,
चिमूटभर काळी पूड, की पाणी डाळिंबाच्या रसाचं.
मग ब्युरेटमधून थेंब. थेंब.
जांभळट होतं, रेंगाळतं,
आणि एका थेंबाला निळं.
आमच्या ओळखीचं निळं.
बावीस वर्षं झाली, त्या थेंबाला मी अजून श्वास धरते.

थेंबात एक रेणू असतो, सहा हातांचा,
चुन्याच्या कणाला चहूबाजूंनी धरतो.
त्याच्या परक्या नावात खेकड्याची नांगी आहे,
असं ढवळे सर म्हणाले, तेव्हा मी हसले होते.
कुंडलिकेत दगड उचलून खेकडे धरलेत मी,
अंगठ्यावर वण आहे.
ओढलंस तर आवळतो, आई म्हणायची,
हात पाण्यात तसाच ठेव, हलू नको,
आपोआप सोडतो.

परवा बदनापूरचे काशिनाथ घनघाव आले,
रुमालात मोसंबीची पानं,
शिरा हिरव्या, मधलं सगळं हळद लागल्यासारखं.
“बाई, बुडाला खिळे पुरले,
मिलमागचं भंगार आणून टाकलं,
अन् झाड उपाशीच.”
चुनखडीची जमीन. लोखंड आहे, कुलपात आहे.
चिठ्ठीवर लिहिलं: चिलेटेड लोह, मुळाशी, पाण्यातून.
नांगीत धरलेलं, म्हणून चुन्याच्या हाती लागत नाही.
“म्हंजे कडेवर घिऊन जायचं,” ते म्हणाले.
हो, काका. तसंच.

आमच्या घरी उलटं.
संघपाल मिलमधून येतो,
कॉलरमध्ये, भुवयांत लोखंडाचे पापुद्रे.
आणि सम्यक, वय नऊ,
दर एकवीस दिवसांनी सिव्हिलमध्ये
कुणाकुणाचं रक्त घेतो.
रक्त वापरून संपतं, लोखंड मागे राहतं,
यकृतात, हृदयात,
शरीराला ते बाहेर काढायची वाट ठाऊक नाही.
“माझ्या कपड्यांतून गेलं का गं त्याच्यात?”
संघपालनं एकदा विचारलं.
तपासणीचा कागद आम्हा दोघांचा सारखाच होता.
मी तो पुन्हा घडी घालून ठेवला.

रात्री पोटाच्या कातडीखाली सुई,
उशीशी पंप, दहा तास.
औषधाच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत वाचलं:
हे मुळात मातीतल्या एका जिवाणूचं.
त्याला लोखंड सहजी मिळत नाही,
म्हणून स्वतःची नांगी घडवून बाहेर सोडतो,
ती कण धरते, हा तिला घरी ओढून घेतो.
इतकी वर्षं माती वाळवली, कुटली, चाळली,
हा कधी भेटला नाही.
कुठला कोण उपाशी जीव,
त्याची भूक माझ्या पोराच्या पोटात
रात्रपाळी करते.

सकाळी मोरीतून हाक येते, “आई, रंग!”
मी वाकून बघते. चहा? वीट?
आज चांगला गेरू. म्हणजे धरलं, नेलं.
वहीत तारीख. फेरिटिन एकतीसशे होतं, आता पंचवीसशे.
चंबूत एक थेंब असतो, जिथं तोटी बंद करायची.
इथं तो नाही. गुरुवारी परत पिशवी.

काल सुई टोचताना तो ताठरला.
मी म्हटलं, हलू नको,
पाण्यात हात ठेवल्यासारखं पोट ठेव.
ठेवलं त्यानं. मग, जरा वेळानं:
“खेकडा लोखंड घेऊन कुठं जातो?”
गटारानं, कुंडलिकेला.
“वाया का घालवता?
त्या पिवळ्या झाडाला द्या ना.”

संघपाल भिंतीकडे तोंड करून झोपला होता.
त्याची पाठ हसताना हलली.
पंप चालू होता.