तीन डॉलर आणि एक कोंबडी

१८८१ सालची वही काचेखाली आहे,
आमच्या चॅपलच्या दारापाशी, पाण्याच्या कूलरला लागून.
पहिली इमारत उभी करताना कोणी काय दिलं, त्याचा हिशेब:
पाइनच्या फळ्या, दोन दिवसांची गवंडीकामाची मजुरी,
खिळे, मोजून.
आणि सतराव्या ओळीत, तिरक्या अक्षरात,
धुणंवाली बाई. तीन डॉलर, एक कोंबडी.
नावाच्या रकान्यात शाईचा ठिपका.
म्हणजे टाक टेकला होता.
मग उचलला.

यंदाचं संस्थापक दिनाचं नाटक त्या ठिपक्यावर उभं होतं.
"नाव मी देणार नाही," प्रोफेसर ॲडरहोल्ट म्हणाल्या पहिल्याच तालमीत,
"मला एखादं गोड नाव सुचेल, भीती तीच आहे."
धुणंवाली झाली जॅमेरिया, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची,
दिवसातून चाळीसदा हात धुऊन बोटं भेगाळलेली,
मेकअपवाल्यांना तिच्या हातांवर काहीच काम उरलं नाही.
कारकून झाला टेरेल. कोंबडी कृषी विभागाची,
सही करून आणलेली, सोमवारी परत करायच्या बोलीवर.

मी बँडमध्ये, क्लॅरिनेटच्या तिसऱ्या खुर्चीत.
कारकून विचारणार, "नाव?"
ती गप्प.
माझ्या कागदावर तिथे आठ मात्रांचा विराम,
मग ड्रम, मग आम्ही सगळे.
तीन आठवडे मी ती शांतता मोजत होते,
कपडे वाळवणाऱ्या मशीनपुढे, दात घासताना.

शनिवारी सभागृह गच्च.
पुढे अठ्ठावन्न सालची तुकडी, जांभळ्या टोप्या, पेपरमिंटचा वास,
नोव्हेंबर असूनही जॉर्जियाचा उकाडा, कार्यक्रमपत्रिकांचे पंखे.
"नाव?" टेरेलने विचारलं.
एक. दोन.
तिसऱ्या मात्रेला कोंबडी बोलली.

हसली माणसं. पोटातून, मांड्यांवर थापा मारत.
आणि हसू ओसरता ओसरता बाल्कनीतून आवाज आला:
"लूला."
मिस व्हर्डेल. आमच्या मेसमधली. अंगात कोट, कोटाखाली ॲप्रन.
तीस वर्षं ती ग्रिट्स वाढतेय,
तिचं नाव कधी कुठल्या पत्रिकेत छापलेलं नाही.
"लूला मे प्रुइट. माझी पणजी. लोकांचं धुणं धुवायची."
ती ही बाई नव्हेच, बहुतेक.
मिस व्हर्डेलची माणसं अलाबामाकडची.
पण टेरेलपाशी यावर संवाद नव्हता,
तेव्हा त्याने टाक बुडवला आणि लिहिलं.

"हेस्टर," जांभळ्या टोप्यांतून कुणीतरी.
"कॅल्डोनिया."
"आम्ही बिग मामाच म्हणायचो... थांबा... पर्मेलिया!"
बँडमास्टरांची छडी वर गेली होती, ती वरच राहिली.
ड्रमवाल्या पोरांनी काठ्या मांडीवर आडव्या ठेवल्या.
जॅमेरिया उभी, बगलेत कोंबडी,
प्रत्येक नावाला किंचित मान हलवत,
जणू तिलाच हाक मारतायत सगळे.
मी मोजणं केव्हा सोडलं, सांगता येत नाही.
माझ्या आजीच्या आजीचं नाव मला माहीत नाही.
मी क्लॅरिनेट ओठांपासून खाली घेतलं
आणि परत वर नेलं.

नंतर मागे, पडद्याच्या दोऱ्यांत,
टेरेलने मला ती खोटी वही दाखवली,
दोन डॉलरची, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली.
अडतीस नावं. स्पेलिंगं भयंकर.
खाली एका ओळीत नुसता ठिपका.
"हे कुणाचं?"
"तुझं," तो म्हणाला. "तू काहीतरी म्हणणार होतीस ना?"

रात्री अकरा वाजता मी आजीला फोन लावला.
ती झोपेतून उठली, सगळं ऐकून घेतलं,
म्हणाली, "थांब, चष्मा शोधते."
नाव आठवायला चष्मा कशाला लागतो,
मी विचारलं नाही.
फोन कानाला धरून
पलीकडे एकेक खण उघडल्याचा आवाज ऐकत राहिले.