नव्वद टक्के

पहिल्याच तासाला हात वर करायला सांगते:
मेंदूचा दहाच टक्के भाग आपण वापरतो, कुणाकुणाला पटतं?
एकोणतीस हात. पुंता अरेनासचा वारा
तावदानं खडखडवतोय, त्याचाही एक धरा.

मागच्या वर्षी आलेख दाखवले होते.
पोरांनी उतरवून घेतले, परीक्षेत बरोबर लिहिलं,
आणि जिना उतरता उतरता परत दहावर आली.

यंदा खडू खाली ठेवते. हात खाली घ्या म्हणत नाही.
विचारते, उरलेल्या नव्वदात काय ठेवलंय मग?
हसतात. कुणी म्हणतं, फ्रेंच. कुणी म्हणतं, गणित.

एलादियो ओयार्सून हसत नाही.
त्याचा आजा मेंढ्या कातरायचा, दिवसाला दीडशे.
जूनमध्ये मसुरीएवढी गुठळी डोक्यात अडली;
आता कात्री हातात घेतो,
"कात्री" म्हणता येत नाही.

"बाई, एवढ्या खोल्या रिकाम्या होत्या,
तर ती नेमकी
राहत्या खोलीतच कशी शिरली?"

वारासुद्धा थांबल्यासारखा.
एकेक हात खाली येतो. सगळे नाही.
रोमिनाचा अजून वरच आहे.
राहू दे.
बाविसाव्या वर्षापर्यंत मीही
असाच धरून होते,
खांदा भरून येईपर्यंत.