बोटं थांबली की

सोहारच्या या वॉर्डात रात्री
एसीच्या घरघरीतून माणसांचे श्वास वेगळे काढावे लागतात,
तांदळातून खडे काढावेत तसे.

सात नंबरला थुरैया बिन्त खल्फान.
वय पासपोर्टात ब्याऐंशी, मुलीच्या मते नव्वद.
भाषा आधी लहानपणची स्वाहिली, मग अरबी,
आता कुठलीच नाही.
म्हणजे आम्ही दोघी एकाच पायरीवर.
मलाही अरबीत "कुठं दुखतंय?" एवढंच नीट येतं,
उत्तर आलं तर पंचाईत.

फॉर्मवर पाच चौकोन:
श्वास, आवाज, चेहरा, अंग,
आणि समजूत घातली तर निवते का.
शून्य, एक किंवा दोन. बेरीज करा, सही करा.

आमच्याकडे दुखण्याला आकडा नव्हता.
ठणका गळवाचा, कळ दाढेची,
पाठीत उसण भरते, पोटरीला रग लागते,
डोळ्यात सलतं, पोटात मुरडा,
आणि कधी जीवच नुसता कातावतो, तेव्हा कुठंच काही नसतं.
मी एकेक शब्द तिच्या अंगावर ठेवून बघते,
जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघावी तशी.

तिची बोटं सारखी चालायची.
चादरीची कड धरून वर, खाली, खालून, वर.
कुणीतरी नोंद केली: अस्वस्थ. अंग, दोन.
झोपेची गोळी सुरू झाली.
जेसम्मा म्हणाली, हातमोजे घालू या, चादर फाटेल.

बुधवारी बोटं थांबली.
राउंडला डॉक्टर म्हणाले, वा, आज शांत आहेत.
बेरीज शून्य.
चेहरा रात्रीच्या ओट्यासारखा, पुसलेला.
फक्त चमचा उजवीकडून गेला की
पापणी अर्धी मिटायची आणि अर्धीच राहायची.
खजुराचा लगदा गालात तसाच.

ही शांतता माझ्या ओळखीची.
शुक्रवारी आई फोनवर म्हणते, "मला काय धाड भरलीय?"
आणि खुर्चीतून उठताना
वाक्याच्या मध्येच तिचा श्वास
एक जिना चढून येतो.

टॉर्च घेतला. ओठ हलकेच उचलला.
खालची दाढ, उजवी, मुळाशी पिवळा फुगवटा.
कळ.
फॉर्मवर तिला रकाना नाही.
समासात मराठीत लिहिलं, मग खोडून इंग्रजीत.

रविवारी दाढ काढली.
मंगळवारी पहाटे, अजानच्या जरा आधी,
मी सलाईन बदलत होते, तर चादरीची कड हलली.
वर, खाली, खालून, वर.

मुलीला विचारलं. ती हसली,
हवेतच हातांनी दाखवू लागली:
खजुराच्या झावळ्या, ओल्या पट्ट्या, चटई.
साठ वर्षं. अख्खी गल्ली आईच्या चटयांवर जेवली.

गोळी बंद करून घेतली.
फॉर्मच्या पाठीमागं पेन्सिलनं, पुढच्या शिफ्टसाठी:
बोटं चालू असली तर बरी आहे.
थांबली की तोंड उघडून बघा,
टाचा बघा, पोटाला हात लावा.
शांत आहे असं लिहू नका.

खाली जेसम्मानं मल्याळममध्ये एक ओळ वाढवलीय.
ती मला अजून वाचता आलेली नाही.