मेंढ्या स्टाफवर आहेत

प्रयोगशाळेच्या मागे दोन मेंढ्या चरतात.
झोम्ब्याला बदलून आलेला प्रत्येक डॉक्टर विचारतो,
इस्पितळात मेंढ्या कशाला?
मी म्हणते, स्टाफवर आहेत त्या.
दर मंगळवारी एकीचं थोडं रक्त काढायचं,
आगर मनगटाला सोसेल इतकं निवलं
की त्यात मिसळायचं. घाई केली तर सगळं तपकिरी.
जंतूंना आधी जेवू घालावं लागतं.
उपाशी जंतू नाव सांगत नाही.

शुक्रवारी नवजात कक्षातून बाटली आली.
चिठ्ठीवर आईचंच नाव: अबीबा कासिमचं बाळ,
मुलगी, तीन दिवस. रक्त एक मिली.
एवढ्याशा जिवाकडे आणखी किती मागणार?

शनिवारी वीज गेली. जनरेटर खोकला, थांबला, लागला.
मी उबवणीयंत्राच्या दाराशी स्टूल टाकून बसले.
पस्तीस. चौतीस. पुन्हा पस्तीस.
घरी माझ्या मुलाला ताप असतो
तेव्हाही मी इतक्या वेळा पारा पाहत नाही.

पहाटे बाटली गढुळली.
काचेवर एक थेंब. जांभळा, आयोडीन, अल्कोहोल, शेवटी गुलाबी.
भिंगाखाली आखूड गुलाबी कांड्या,
घाईत सांडलेल्या तांदळासारख्या.

वॉर्डातला फोन अकरा वेळा वाजला.
“तामांडानी, बोल.” डॉक्टर म्सिस्कांचा आवाज झोपेने जाड.
“आकार आज सांगते, नाव उद्या.”
“आकारावर मी काय देऊ?”
“देताय ते पुरेल असं वाटत नाही.
मागच्या आठवड्यातली दोन्ही बाळं अशीच होती.”
पलीकडे पानं उलटल्याचा आवाज.
मग, “थांब, त्यातलं एक बाळ…”
आणि वाक्य तिथेच राहिलं.

त्या बाळाचा अहवाल माझ्याकडे परत आला होता.
कोपऱ्यात पेन्सिलीने: गेलं.
आम्ही वेळेत होतो. जंतूच्या वेळेत.
तो कागद मी फाईलला लावला,
कारण तिसऱ्याला उपयोगी पडणारं
पहिल्याकडूनच कळतं.

सोमवारी औषधाच्या टिकल्या वाचल्या.
फिकट तबकडीवर पांढऱ्या कागदी टिकल्या;
जंतू जिथून मागे हटतो तिथे स्वच्छ गोल पडतो,
तो मी पट्टीने मोजते.
रोजच्या औषधाभोवती सहा मिलिमीटर,
म्हणजे टिकलीचीच रुंदी, म्हणजे काहीच नाही.
जंतूने त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या.
अमिकासिनभोवती एकवीस.
औषधालयात कुप्या निघाल्या अकरा.

तेव्हा पहिल्यांदाच मी कापसाची काडी घेऊन
वॉर्डात गेले. बेसिन, नळ, झाकणं,
आणि खिडकीत सलाइनची एक बाटली,
बुचात कायमची खोचलेली सुई,
साऱ्या बाळांना तिच्यातूनच.
परिचारिका ओलिपा म्हणाली,
“पेटी आली नाही महिनाभर. पुरवून पुरवून वापरत होते.”
दोन दिवसांनी त्या बाटलीतून तोच उगवला,
तेच गोल, तोच सहा.
ओलिपा माझ्या टेबलाशी उभी राहून रडली.
मी तिला तबकडी दाखवली नाही. आकडा सांगितला,
आणि नव्या पेटीचा अर्ज दोघींनी मिळून लिहिला.

असे दिवस थोडे. एरवी माझं काम नाही म्हणण्याचं.
हा त्वचेवरचा आहे, सुईबरोबर आत आला, औषध नको.
हे लघवीचं भांडं उन्हात राहिलं, पुन्हा पाठवा.
नाही म्हणणाऱ्याला कुणी धन्यवाद देत नाही.
चालायचंच.

पंधरा दिवसांनी खिडकीबाहेर एक बाई दिसली,
पाठीवर चितेंजेत बांधलेलं बाळ.
बस यायला वेळ असावा.
ती कुंपणाशी गेली, अर्धी वळली,
बाळाचं तोंड मेंढ्यांकडे येईल अशी,
आणि म्हणाली, “न्खोसा. बघ, न्खोसा.”
बाळ झोपलेलं. मेंढीने मान वर केली,
पुन्हा गवतात घातली.

पाठीवरच्या गाठोड्यातून एक मनगट लोंबत होतं,
त्यावर पट्टीचा चौकोन, आमच्याच रोलचा.
हीच ती की दुसरी कुणी, मी विचारलं नाही.
मंगळवार होता. मला रक्त काढायचं होतं,
आणि तिचं होईपर्यंत
मी दोरी हातात घेऊन दारातच थांबले.